वाळवंटात गटाने चालायचंय? आधी पाण्याचा तक्ता मांडा

पहिल्या मोहिमेच्या दुसऱ्या रात्री मला जाग आली ती मानेखालच्या ओलाव्याने. सॅक उशाला घेतली होती. आत पाण्याची पिशवी होती आणि माझ्याच डोक्याच्या वजनाने तिच्या नळीचं तोंड दाबलं जाऊन थेंबथेंब पाणी गळत होतं. उठून बघेपर्यंत दोन लिटर पाणी वाळूत जिरलं होतं. डोंगरात असं झालं असतं तर हसण्यावारी नेलं असतं आणि पुढच्या ओढ्यावर पिशवी भरून घेतली असती. इथे पुढचं पाणी दीड दिवसावर होतं, आम्ही सातजण होतो आणि कुणाकडेच दोन लिटर जास्तीचं नव्हतं. सकाळी सगळ्यांनी आपल्यातलं थोडंथोडं ओतून दिलं, कुणी एक शब्द बोललं नाही. पण तेव्हापासून ज्याची त्याची नजर दुसऱ्याच्या बाटलीवर जायला लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परत फिरलो.

पुढच्या हिवाळ्यात त्याच वाटेने सहाजण गेलो आणि सात दिवसांत पार झालो. मधल्या काळात आमच्यातलं कुणी फारसं तगडं झालं नव्हतं. बदलली होती ती तयारी, आणि तीही बरीचशी टेबलावर नकाशे पसरून केलेली. डोंगरात दोन-चार दिवसांचे ट्रेक केलेत, पण वाळवंटात पाऊल टाकलेलं नाही, अशांसाठी ती इथे क्रमाने मांडतोय. ज्यांनी ट्रेकच केलेला नाही त्यांनी आधी दोन-तीन साधे मुक्कामी ट्रेक करून यावं. पाठीवर वजन घेऊन चालायची सवय वाळवंटात जाऊन लावायची नसते.

१. महिना आधी, जागा नंतर

उष्ण वाळवंटात उन्हाळ्यात लांब पल्ल्याचा पायी ट्रेक हा विषयच नको. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी नोंदलेलं ५६.७ अंश सेल्सिअस हे आजही जगातलं अधिकृत सर्वोच्च तापमान मानलं जातं; पण ओझं घेऊन चालणाऱ्याला आडवं करायला ४० अंशही पुरतात. दुपारचा पारा तिशीच्या आत राहील असे महिने शोधा. उत्तर गोलार्धात ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी असतात, दक्षिण गोलार्धात मे ते ऑगस्ट. गोबीसारख्या थंड वाळवंटाचं गणित वेगळं. तिथे हिवाळ्यात पारा उणे चाळीसपर्यंत उतरतो, म्हणून वसंत सरताना किंवा शरदात जातात.

हिवाळा निवडला की दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, रात्रीची थंडी. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे सूर्य बुडाला की जमिनीतली उष्णता भराभर निघून जाते. दुपारी २८ अंश आणि पहाटे बाटलीच्या तोंडाशी बर्फ, हे एकाच दिवसात पाहिलंय. दुसरी, उजेड. हिवाळ्यात तो जेमतेम दहा-अकरा तास असतो. दिवसाला नऊ तास चालू असा आराखडा केलात तर तंबू अंधारातच लावावा लागणार.

त्या भागातला वाऱ्याचा मोसमही विचारून घ्या. हवामानाच्या तक्त्यात सरासरी तापमान मिळतं, वाळूची वादळं कुठल्या आठवड्यांत सुरू होतात ते तिथल्या माणसालाच विचारावं लागतं.

२. गट: कमीत कमी चार, जास्तीत जास्त आठ

चारच्या खाली जाऊ नका. एकाला दुखापत झाली तर एकजण त्याच्यापाशी थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात; एकट्याने कुणी जायचं नाही, एकट्याने कुणी थांबायचं नाही. आठच्या वर गेलात की रांग लांबते, मधे टेकाड आलं की मागचे दिसेनासे होतात आणि पाण्याचा हिशेब हाताबाहेर जातो.

सगळ्यांनी मिळून निदान एक दोन दिवसांचा सराव ट्रेक करा. पूर्ण वजनासह, म्हणजे पाणीसुद्धा पूर्ण. इथे भीड आड येते. आमच्या पहिल्या गटात एकजण 'मला सवय आहे' म्हणून सरावाला आला नव्हता. जुना मित्र, नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तो आमच्या अर्धा तास मागे होता, आणि गटाचा वेग म्हणजे त्याचा वेग. चूक त्याची कमी, मला 'नाही' म्हणता आलं नाही ही मोठी. सरावाला न आलेल्याला मोहिमेत घ्यायचं नाही, हे पहिल्या बैठकीतच जाहीर करून टाका, म्हणजे नंतर कुणा एकाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

औषधांबद्दल खोदून विचारा. लघवी जास्त करवणारी रक्तदाबाची औषधं, काही मानसिक आजारांवरची औषधं आणि काही ॲलर्जीच्या गोळ्या यांनी शरीराची उष्णता सोसण्याची ताकद कमी होते. अशा प्रत्येकाने जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलायचं. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

मग कामं वाटा. पुढे चालणारा वाट काढतो. शेवटचा माणूस कायम शेवटचाच राहतो, त्याच्या मागे कुणीही राहू शकत नाही. एकजण पाण्याचा हिशेबनीस, एकजण प्रथमोपचार. आणि परत फिरण्याचा नियम लेखी ठरवा. आमचा असा: गटातल्या कुणाही एकाने 'मला हे बरोबर वाटत नाही' म्हटलं की सगळे थांबतात, आणि ठरलेल्या पातळीखाली पाणी गेलं की मतं न विचारता मागे वळतात. पातळी घरी बसून ठरवायची. भर दुपारी तहानलेल्या सहा डोक्यांनी ठरवलेला आकडा नेहमी सोयीचा निघतो.

३. पाण्याचा तक्ता

या लेखातला एवढाच भाग वाचलात तरी चालेल. मार्ग, दिवस, माणसं, सॅकचं वजन, सगळं या कागदावरून ठरतं. मार्ग आधी आखून त्यात पाणी बसवायला गेलात की आमच्या पहिल्या वेळेसारखं होतं.

एक मोठा कागद घ्या आणि पाच रकाने आखा: पाण्याची जागा, आधीच्या पाण्यापासूनचं अंतर, प्रकार (विहीर, झरा, टाकी, खडकातलं साचलेलं पाणी), तिथे पाणी असल्याची शेवटची खात्री कुणी आणि कधी केली, आणि तिथे पाणी नसलं तर पुढचं किंवा मागचं पाणी किती लांब. पाचवा रकाना भरताना बहुतेक मार्ग कागदावरच बाद होतात, आणि ते बरंच आहे. नकाशावरची निळी खूण म्हणजे पाणी नव्हे. ती कधीतरी कुणीतरी पाहिलेल्या पाण्याची आठवण आहे. चौथ्या रकान्यात गेल्या दोन-तीन आठवड्यांतली तारीख नसेल तर ती जागा कोरडी धरून चाला.

आता आकडे. थंडीच्या मोसमात ओझ्यासह चालताना पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी दिवसाला सहा लिटर धरा. ऊन कडक निघालं तर आठ. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसत नाही, दिसण्याआधीच उडून जातो, त्यामुळे 'मला घाम आलाच नाही' यावर विश्वास ठेवू नका. संध्याकाळी शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले दिसतात, तो तुमचा घाम.

एक लिटर म्हणजे एक किलो. दोन पाण्यांमध्ये दोन दिवसांचं अंतर असेल तर माणशी बारा लिटर, वर राखीव चार, म्हणजे सोळा किलो नुसतं पाणी. बाकी सामान काटकसर करूनही दहा किलोच्या खाली येत नाही. पाठीवर सव्वीस किलो. वाळूत हे ओझं घेऊन चालणं किती जड जातं ते सराव ट्रेकला कळेलच. म्हणून बाहेरून मदत नसेल तर दोन दिवस ही मर्यादा समजा. त्यापुढच्या अंतरासाठी तीन उपाय आहेत: सामान वाहणारे उंट, ठरलेल्या जागी येऊन भेटणारी गाडी, किंवा आधी जाऊन लपवून ठेवलेलं पाणी.

पाणी लपवणार असाल तर जाड प्लास्टिकचे कॅन वापरा. पातळ बाटल्या उन्हात ठिसूळ होऊन तडकतात आणि पोहोचता तेव्हा हाती रिकामं प्लास्टिक लागतं. कॅन सावलीत, दगडांच्या आड ठेवा, जनावरांना उघडता येणार नाहीत असे. त्यावर गटाचं नाव आणि तुम्ही येण्याची तारीख लिहा. जागेचे अक्षांश-रेखांश टिपा आणि चारही बाजूंनी फोटो काढा. वाळवंटात प्रत्येक खडक 'तोच' वाटतो. त्या भागात असं पाणी ठेवायला परवानगी आहे का ते आधी विचारा. कुठल्याही एका साठ्यावर जीव टांगू नका. तो सापडला नाही तर पुढच्या पाण्यापर्यंत किंवा मागे जाता येईल एवढं पाणी पाठीवर हवंच.

माणशी निदान तीन वेगळी भांडी असू द्या. नळीची पिशवी दिवसा प्यायला उत्तम, पण झोपताना ती सॅकमधून बाहेर काढून, तोंडाची खिट्टी लावून, उभी ठेवायची. राखीव पाणी कडक बाटलीत, आणि ती बाटली रात्री एकदा उलटी धरून झाकण तपासायचं.

मिळालेलं पाणी शुद्ध करूनच प्यायचं. गढूळ असेल तर आधी भांड्यात निवळू द्या, हवी तर तुरटी फिरवा, मग कापडाने गाळा. साधे हाताचे फिल्टर जिवाणू आणि आमांशाचे जंतू अडवतात, पण विषाणू निसटतात. क्लोरीनच्या गोळ्यांचं नेमकं उलटं, काही कवचवाले परजीवी त्यांना दाद देत नाहीत. म्हणून आम्ही फिल्टर करून मग गोळी टाकतो आणि अर्धा तास थांबतो, पाणी गार असेल तर जास्त. उकळत असाल तर खळखळून एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. पोकळ तंतूंचा फिल्टर वापरून ओला झाला की रात्री झोपण्याच्या पिशवीत घ्या. आत पाणी गोठलं तर तो फाटतो आणि बाहेरून काही कळत नाही. खारट पाणी मात्र यातल्या कशानेही गोड होत नाही.

४. मार्ग आणि रोजचं अंतर

डोंगरातला तुमचा वेग विसरा. टणक, खडीच्या सपाटीवर ताशी चार किलोमीटर निघतात. मऊ वाळूत दोन-अडीच. मऊ वाळूवर चालायला कठीण जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त ताकद लागते, कारण प्रत्येक पावलाला वाळू सरकते आणि दिलेला जोर तिथेच मुरतो. पहिल्या वेळी आम्ही रोज वीस किलोमीटर धरले होते, पडले अकरा. आता वाळूत बारा, खडीवर अठराच्या वर धरत नाही, आणि पाच दिवसांच्या चालीमागे एक दिवस राखीव ठेवतो.

वाळूच्या टेकड्यांना वाऱ्याकडची बाजू आणि आडोशाची बाजू असते. वाऱ्याकडून उतार मंद आणि वाळू दाबलेली. आडोशाची बाजू तीस-चौतीस अंशांची घसरण. चढायचं ते वाऱ्याकडच्या बाजूने, आणि जमेल तिथे माथ्याच्या धारेवरून. समोरून सरळ चढायचा मोह होतो. तीन पावलं वर, दोन खाली. टेकड्या सरकतात, त्यामुळे नकाशातल्या वाळूच्या आकारांवर भिस्त नको. डोंगर, खडकांच्या रांगा, कोरड्या नद्यांची पात्रं यांवरून वाट आखा.

जीपीएस हवंच, पण मोठा सापळाही त्यातच आहे. अक्षांश २७.५० असा दशांशात लिहिलाय की २७ अंश ५० मिनिटं, हे नीट बघा. दोन्हींत सुमारे ३७ किलोमीटरचा फरक पडतो. गटातल्या सगळ्या यंत्रांवर एकच पद्धत आणि अक्षांश-रेखांश मोजायची एकच संदर्भप्रणाली, बहुतेक ठिकाणी डब्ल्यूजीएस ८४, लावून घ्या आणि निघण्याआधी एकाच जागी उभं राहून सगळ्यांचे आकडे जुळतात का पाहा. फोनवर नकाशे उतरवून घ्या, शिवाय छापील नकाशा आणि होकायंत्र दोघांकडे तरी हवं. फोन उन्हात तापून बंद पडतो, थंडीत बॅटरी भराभर उतरते. दुपारी सॅकमध्ये खोल, रात्री अंगाजवळ.

प्रत्येक दिवसासाठी बाहेर पडायची वाट आखून ठेवा: या मुक्कामावरून सर्वांत जवळचा रस्ता किंवा वस्ती कुठल्या दिशेला, किती लांब. हे आकडे नकाशाच्या मागे हाताने लिहा.

५. परवाने आणि कागदपत्रं

वाळवंटं अनेकदा देशांच्या सीमांवर, लष्करी सरावाच्या भागात किंवा अभयारण्यात पसरलेली असतात. 'तिथे कोण बघतंय' हा विचार महागात पडतो. किमान दोन महिने आधी चौकशी सुरू करा. साधारण हे लागतं:

- पासपोर्ट, व्हिसा किंवा त्या देशात चालणारं ओळखपत्र, छायाप्रतींसह
- वनविभागाचा, उद्यानाचा किंवा स्थानिक प्रशासनाचा प्रवेश आणि मुक्कामाचा परवाना
- सीमाभागात पोलीस किंवा लष्कराची लेखी परवानगी
- स्थानिक वाटाड्या सक्तीचा असेल तर त्याच्या नोंदणीचा कागद
- शोध-बचाव आणि हेलिकॉप्टरचा खर्च देणारा विमा
- प्रत्येकाचा रक्तगट, ॲलर्जी, औषधं आणि घरचा संपर्क असलेला एक पानी तक्ता

विम्याच्या कागदात 'ट्रेकिंग समाविष्ट' एवढं वाचून थांबू नका. शोधमोहिमेचा खर्च आणि दवाखान्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइट मेसेंजर यांवर खास लक्ष द्या. काही देशांत ते परवान्याशिवाय जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, भारत त्यांतलाच एक, आणि विमानतळावर पर्यटकांना अटक झाल्याची उदाहरणं आहेत. कुठे काय चालतं ते त्या देशाच्या दूतावासाकडून लेखी विचारून घ्या. ड्रोनचंही तेच.

६. सामान

पायांपासून सुरुवात करतो, कारण वाळवंटातले ट्रेक फोडांनी बुडतात. उन्हात आणि वजनाखाली पाय फुगतात, म्हणून बूट अर्धा नंबर मोठे घ्या आणि घरी किमान शंभर किलोमीटर चालून मऊ करा. बुटाच्या तोंडावर कापडी गेटर, म्हणजे वाळू आत जाऊ न देणारी झाकणं, हवेत. बारीक वाळू मोज्याच्या विणीत शिरते आणि दर पावलाला पॉलिश पेपरसारखी घासते. कुठे चुरचुरलं की त्याच क्षणी थांबायचं, बूट काढायचा, वाळू झटकायची, चिकटपट्टी लावायची. 'पुढच्या विश्रांतीला बघू' म्हणालात की फोड ठरलेला. एकासाठी सगळ्यांनी थांबायला लागतं म्हणून लोक बोलत नाहीत. आम्ही दर तासाला सक्तीने सगळ्यांचे बूट काढतो, मग लाजायचा प्रश्नच येत नाही.

कपडे सैल, फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. मानेवर पडणारी कड असलेली टोपी, तोंडानाकावर ओढता येईल असं मोठं सुती कापड, बाजूंनी झाकलेला गॉगल. रात्रीसाठी लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, जाड जाकीट, कानटोपी आणि शून्याखाली चालेल अशी झोपण्याची पिशवी.

गटाचं सामान मोजून वाटा:

- सावलीसाठी मोठं फिक्या रंगाचं कापड, दोऱ्या आणि वाळूत रोवायच्या रुंद खुंट्या. नेहमीच्या बारीक खुंट्या वाळूत धरत नाहीत. दगड किंवा वाळू भरलेल्या पिशव्या पुरून बांधता येतात
- दोन फिल्टर, क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएस माणशी रोज दोन पुड्या
- ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन (दाबला की उपग्रहामार्फत बचावयंत्रणेला संकेत देणारं यंत्र), आधी नोंदणी केलेला
- शिट्ट्या, सिग्नल आरसा, प्रत्येकाला हेडटॉर्च
- प्रथमोपचार पेटी, चिमटा, थर्मामीटर, भरपूर चिकटपट्टी
- पॉवर बँक. सौर पॅनल फक्त सहा दिवसांपेक्षा लांब मोहिमेला
- गॅसचा चुलीसंच. तिथलं सरपण तोडायचं नाही, काही झुडपांना एवढं वाढायला आयुष्य लागलेलं असतं

खाण्यात पाणी कमी मागणारं आणि खारट काहीतरी रोज हवं. दुपारी भूक मेल्यासारखी होते, म्हणून खरं जेवण सकाळी आणि रात्री.

७. मागे थांबणारा माणूस

गटाबाहेरची एक जबाबदार व्यक्ती निवडा. तिच्याकडे नकाशाची प्रत, पाण्याचा तक्ता, सगळ्यांची माहिती आणि दोन वेळा लिहून द्या: तुम्ही बाहेर पडायची अपेक्षित वेळ, आणि ज्या वेळेपर्यंत निरोप नाही आला तर बचावपथकाला फोन करायचा ती वेळ. दुसरी वेळ बदलायचा अधिकार कुणालाच नाही. तिने 'अजून थोडं थांबून बघू' म्हणायचं नाही.

गट दोन भागांत विभागलात तर काय होतं, याचं ऑस्ट्रेलियातल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेइतकं हळहळ लावणारं उदाहरण नसेल. ऑगस्ट १८६० मध्ये ते मेलबर्नहून निघाले. कूपर्स क्रीकला तळावर काही माणसं ठेवून चौघं उत्तर किनाऱ्याकडे गेले. परतताना एकजण दगावला. तळावरचे लोक चार महिन्यांहून जास्त थांबले आणि २१ एप्रिल १८६१ ला सकाळी निघून गेले. उरलेले तिघं त्याच संध्याकाळी तिथे पोहोचले. झाडावर कोरलेल्या खुणेवरून त्यांनी पुरलेलं अन्न काढलं, स्वतःची चिठ्ठी पुरली आणि खड्डा पूर्ववत बुजवला, पण झाडावरची खूण बदलली नाही. तळाचा प्रमुख काही दिवसांनी परत येऊन पाहून गेला. त्याला सगळं होतं तसंच दिसलं, त्याने उकरून पाहिलं नाही. बर्क आणि विल्स दोघंही मेले. तिसरा, जॉन किंग, तिथल्या यांद्रुवांधा लोकांनी सांभाळला म्हणून वाचला.

तेव्हा गट फोडू नका. फोडावाच लागला तर कुठे, किती वाजेपर्यंत थांबायचं आणि निघताना काय खूण ठेवायची ते आधी ठरवा. चिठ्ठीवर तारीख, वेळ, दिशा आणि माणसांची संख्या. आणि ती जागा लांबूनच वेगळी दिसली पाहिजे.

८. चालतानाचा दिवस

उजाडण्याआधी अर्धा तास चालायला लागा. अकराच्या सुमारास सावलीचं कापड ताणा आणि तीनपर्यंत हलू नका. तापलेल्या वाळूवर थेट बसण्याऐवजी चटई किंवा सॅक खाली घ्या. संध्याकाळी दीड-दोन तास चाला आणि सूर्य असतानाच मुक्कामाला थांबा.

कोरड्या नदीच्या पात्रात तंबू लावायचा नाही. जागा सपाट, वारा कमी, झुडपांची सावली, सगळं आमंत्रण देतं. पण कित्येक किलोमीटर लांब, तुम्हाला दिसतही नसलेल्या ढगाचं पाणी त्या पात्रातून येऊ शकतं आणि कडक जमीन ते पीत नाही. काठाच्या वर, पुराच्या काड्याकचऱ्याच्या रेषेपेक्षा उंच जागा घ्या.

वाळूचं वादळ आलं की चालणं बंद. सगळे एकत्र, वाऱ्याला पाठ, नाकतोंड ओल्या कापडाने झाकून, सॅक आडोशाला. उठायचं ते समोरची खूण पुन्हा स्पष्ट दिसल्यावरच. १९९४ साली मोरोक्कोतल्या सहाराच्या शर्यतीत इटालियन धावपटू मौरो प्रोस्पेरी वादळातही पुढे जात राहिला. तो जिवंत सापडला, पण नऊ-दहा दिवसांनी आणि सीमेपलीकडे अल्जीरियात.

सकाळी बूट झटकून घाला, विंचू उबेला शिरतात. रात्री चपलांशिवाय तंबूबाहेर पाय नको. शौचासाठी पाण्यापासून साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा. कागद पिशवीत भरून परत आणायचा, तिथल्या कोरडेपणात तो वर्षानुवर्षं कुजत नाही. काही वाळवंटांत जमिनीवर काळपट, खरबरीत पापुद्रा दिसतो. ते जिवंत सूक्ष्मजीवांचं आवरण असतं, एका पावलाने मोडलेलं भरून यायला दशकं लागतात. त्याला वळसा घाला.

९. तब्येत बिघडली तर

डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, भरपूर घाम: हा उष्णतेचा थकवा. सावली, विश्रांती, ओआरएस, त्या दिवशीची चाल रद्द. माणूस बरळायला लागला, भलतीच उत्तरं देऊ लागला, तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजा, अंगाला घाम असला तरीही. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मिनिटं मोजायची असतात. कपडे सैल करा, अंग ओलं करा, सगळ्यांनी वारा घाला, बीकन दाबा. आधी गार करायचं, मग हलवायचं. पाणी जपायची वेळ ही नाही. पूर्ण शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात मात्र पाणी ओतू नका.

उलटा धोकाही असतो आणि तो उत्साही लोकांना होतो. नुसतं पाणी ढोसत राहिलं आणि मीठ पोटात गेलं नाही की रक्तातलं सोडियम उतरतं. तेव्हाही डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळायला होतं. पण बोटं सुजलेली असतात, अंगठी रुतते, लघवी पाण्यासारखी होत असते. अशाला आणखी पाणी पाजणं घातक. तहान लागेल तसं प्या, दर वेळी काहीतरी खारट खा. ओआरएसच्या पुड्या संपल्या तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. अंगठ्या-कडी काढा, तो अवयव न हलेल असा बांधा, माणसाला शांत झोपवा आणि बीकन दाबा. चालवत नेऊ नका.

बीकन दाबल्यावर जागा सोडायची नाही. सावलीचं कापड सर्वांत मोकळ्या जागी, वरून दिसेल असं पसरा. तीन शिट्ट्या, तीन चमका, दगडांचे तीन ढीग: तीनची खूण जगभर मदतीसाठी ओळखली जाते.

१०. बाहेर पडल्यावर

आंघोळीआधी मागे थांबलेल्या व्यक्तीला निरोप द्या. एका गटाने तो दिला नाही, थेट झोपले, आणि त्यांना शोधायला माणसं वाळवंटात निघाली. ते आमचेच ओळखीचे, म्हणून नाव सांगत नाही. लपवलेले सगळे कॅन, न वापरलेलेसुद्धा, त्याच आठवड्यात जाऊन उचलून आणा. परवाना देणाऱ्या कार्यालयात बाहेर पडल्याची नोंद करा. आणि पाण्याचा तक्ता फेकून देऊ नका: प्रत्येक जागेसमोर तुम्ही पोहोचलात ती तारीख आणि पाणी होतं की कोरडं, एवढं लिहून त्या मार्गावर पुढे जाणाऱ्यांच्या हातात द्या. त्यांच्या चौथ्या रकान्यात तेच लागणार आहे.